बाइंड फसलं तर आधी आकडा वाचा: सॉकेट-पत्त्याची दुरुस्ती, सर्व्हिसपासून लिनक्स कर्नलपर्यंत

लातूरच्या मोंढ्यातली आडत घ्या, नाहीतर जालन्यातली स्टील मिल. वजनकाट्याजवळच्या खोलीत एक लिनक्स संगणक आहे आणि काट्याचा आकडा नेटवर्कवरून घेऊन पावती काढणारी सर्व्हिस त्यावर चालते. एके सकाळी ती सुरूच होत नाही. लॉगमध्ये बाइंड फसल्याची एक ओळ दिसते. बाइंड म्हणजे प्रोग्रामनं आपल्या सॉकेटसाठी, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या आपल्या टोकासाठी, पत्ता आणि पोर्ट मागणं. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, म्हणून कुणीतरी संगणक बंद करून चालू करतो आणि वेळ निभावते. चार दिवसांनी पुन्हा तेच.

रीस्टार्टनं काम चालतं, पण कारण कळत नाही. बाइंड हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडं, केलेली मागणी) एकच असला तरी कर्नलमध्ये त्याला नकार देणाऱ्या तपासण्या अनेक आहेत, आणि कोणत्या तपासणीत अडलं हे परत येणारा त्रुटी क्रमांक बहुतेक वेळा स्पष्ट सांगतो. म्हणून आधी आकडा पकडायचा, मग ती तपासणी ओळखायची आणि तेवढीच दुरुस्ती करायची. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्यात. त्रुटी क्रमांक एक्स८६ आणि एआरएम यंत्रांवरचे आहेत.

आकडा कसा पकडायचा

लॉगवर पूर्ण भरवसा ठेवू नका. बरेच प्रोग्राम मूळ क्रमांक गिळून 'सर्व्हर सुरू होऊ शकला नाही' एवढंच छापतात. सर्व्हिस थांबवा आणि तोच प्रोग्राम एसट्रेसखाली (सिस्टिम कॉल आणि त्यांची उत्तरं दाखवणारं साधन) चालवा:

सुडो एसट्रेस -एफ -यू काटा -ई ट्रेस=सॉकेट,सेटसॉकऑप्ट,बाइंड,लिसन /ऑप्ट/काटा/सर्व्हर

इथं 'काटा' हे सर्व्हिस ज्या युजरखाली चालते त्याचं नाव आहे. -यू विसरलात तर प्रोग्राम रूट म्हणून चालेल आणि परवानगीची अडचण असेल तर ती दिसणारच नाही. उलट बाजूनंही फसगत होते. फाइलला सेटकॅप या कमांडनं एखादी खास परवानगी दिली असेल आणि एसट्रेस साध्या युजरनं चालवलं, तर कर्नल ती फाइलची परवानगी लागू करत नाही आणि नसलेली १३ क्रमांकाची (परवानगी नाही) त्रुटी उभी राहते. म्हणून सुडो आणि -यू दोन्ही हवेत.

आउटपुटमध्ये तीन गोष्टी बघा: बाइंडला गेलेला पत्ता, गेलेला पोर्ट आणि शेवटी परत आलेला क्रमांक. पोर्टकडे नीट बघा. सी भाषेत एचटॉन्स (पोर्टचे दोन बाइट नेटवर्कच्या क्रमानं लावणारं फंक्शन) लावायचं राहिलं की बाइंड फसत नाही, भलत्याच पोर्टवर यशस्वी होतं. ८०८० चे दोन बाइट उलटले की ३६८९५ होतात, ८० चे २०४८० होतात. सर्व्हिस चालू दिसते, काटा मात्र जोडला जात नाही. लिसन करणाऱ्या, म्हणजे कनेक्शनची वाट पाहणाऱ्या, सॉकेटांची यादी देणाऱ्या 'एसएस -टीएलएन' मध्ये ३६८९५ दिसला तर कारण हेच.

कर्नल कोणत्या क्रमानं तपासतो

आयपीव्ही४ साठी हा क्रम पाठ असावा. आधी एसईलिनक्ससारख्या सुरक्षा मॉड्यूलची परवानगी. मग पत्त्याच्या स्ट्रक्चरची लांबी: १६ बाइटपेक्षा कमी असेल तर २२. त्यानंतर पत्त्याचं कुटुंब: आयपीव्ही४ नसेल तर ९७. मग हा पत्ता या यंत्राचा आहे का: नसेल तर ९९. मग पोर्ट राखीव हद्दीतला आहे आणि अधिकार नाही, असं असेल तर १३. पुढं सॉकेट लॉक होतं आणि ते आधीच बाइंड झालेलं आहे का हे पाहिलं जातं: असेल तर पुन्हा २२. सगळ्यात शेवटी पोर्ट मोकळा आहे का: नसेल तर ९८.

क्रमाचा उपयोग असा. साध्या युजरनं चुकीच्या पत्त्यावर पोर्ट ८० मागितला तर ९९ येतो, १३ येत नाही. पत्ता दुरुस्त केल्यावर १३ दिसतो. अशा वेळी आपल्या दुरुस्तीनं बिघाड वाढला असं वाटून लोक ती मागं घेतात. प्रत्यक्षात एक तपासणी ओलांडून आपण पुढच्या तपासणीवर आलेलो असतो.

२२ आणि १३

२२ आला की दोष जवळजवळ नेहमी प्रोग्राममध्ये असतो. एकाच सॉकेटवर दोनदा बाइंड झालेलं असतं, किंवा लांबी चुकीची दिलेली असते. आयपीव्ही६ मध्ये एफई८० नं सुरू होणारा लिंक-लोकल पत्ता देताना इंटरफेसचा क्रमांक दिला नाही तरीही २२ च येतो.

१३ येण्याची ठिकाणं दोन. पहिलं, १०२४ च्या खालचे पोर्ट. सर्व्हिस रूटखाली चालवणं हा यावरचा उपाय नव्हे. सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) युनिट फाइलमध्ये 'अँबियंटकेपेबिलिटीज=कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस' ही ओळ घालणं सगळ्यात टिकाऊ. सेटकॅपही चालतं, पण प्रोग्रामची नवी आवृत्ती त्या जागी कॉपी झाली की परवानगी जाते आणि अपडेटनंतर सर्व्हिस बंद पडते. पायथनच्या इंटरप्रिटरला सेटकॅप करू नका, त्यानं यंत्रावरच्या प्रत्येक पायथन स्क्रिप्टला तो अधिकार मिळतो. कर्नल ४.११ पासून 'नेट.आयपीव्ही४.आयपी_अनप्रिव्हिलेज्ड_पोर्ट_स्टार्ट' ही हद्दच ८० वर आणता येते, मात्र ती सगळ्या युजरना मोकळी होते.

दुसरं ठिकाण एसईलिनक्स. रूट असूनही १३ आला तर आधी 'ऑसर्च -एम एव्हीसी' मध्ये एसईलिनक्सच्या नकारांची नोंद बघा. त्यात 'नेम_बाइंड' ची नोंद असेल तर 'सीमॅनेज पोर्ट' नं तो पोर्ट योग्य प्रकारात जोडा. आपोआप वाटल्या जाणाऱ्या पोर्टांच्या हद्दीत ही तपासणी होत नाही. त्यामुळं एखादी सर्व्हिस ४०००० वर चालते आणि ९००० वर अडते.

९९: लाइट येते, पत्ता येत नाही

मराठवाड्यात हा आकडा ज्या वाटेनं येतो ती ठरलेली आहे. लाइट जाते, इन्व्हर्टर उतरतो, सगळं बंद पडतं. लाइट आल्यावर संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहतो, राउटर आणि स्विच मात्र अजून सुरूच होत असतात. सर्व्हिस १९२.१६८.१.५० वर बाइंड करायला जाते, तो पत्ता डीएचसीपीकडून (राउटरनं आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत) अजून मिळालेला नसतो आणि कर्नल ९९ देतो. कधी राउटर जागा झाल्यावर वेगळाच पत्ता देतो, मग कितीही वेळा सुरू केलं तरी ९९ च. 'आयपी -४ अ‍ॅड्र' चालवून तो पत्ता खरंच यंत्रावर आहे का हे आधी बघा.

सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे नेमक्या पत्त्याऐवजी ०.०.०.० वर बाइंड करणं आणि कुणाला जोडू द्यायचं ते फायरवॉलमध्ये ठरवणं. एकाच लॅनच्या यंत्रावर हेच करावं. नेमका पत्ताच हवा असेल तर राउटरमध्ये तो मॅक पत्त्याशी बांधून राखीव करा आणि युनिट फाइलमध्ये 'वॉन्ट्स=' आणि 'आफ्टर=' दोन्हींना 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' द्या. नुसतं 'नेटवर्क.टार्गेट' दिलं तर ते पत्ता मिळेपर्यंत थांबत नाही.

एवढ्यावरही भागेलच असं नाही. सिस्टिमडी-नेटवर्कडीची, नेटवर्क येण्याची वाट पाहणारी सर्व्हिस आपल्या ठरावीक १२० सेकंदांनंतर हार मानते आणि आपली सर्व्हिस पत्त्याशिवायच सुरू केली जाते. म्हणून 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक=५' हवंच. दुसरी ओळ वगळली तर सिस्टिमडी १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि १० सेकंदांत ५ वेळा फसलं की युनिट कायमचं 'फेल्ड' ठरवतो. राउटर जागा होण्याआधीच हे पाच प्रयत्न संपलेले असतात. पाच सेकंदांचं अंतर दिलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही.

'आयपी_नॉनलोकल_बाइंड=१' लावलं की ९९ गायब होतो, कारण पत्ता आपला आहे का ही तपासणीच गळते. दोन यंत्रांत एक पत्ता फिरता ठेवायचा असेल तिथं ते योग्य. एरवी नको, कारण टाइप करताना पत्ता चुकला तरी सर्व्हिस चालू दिसेल. एकाच सॉकेटपुरती सवलत हवी असेल तर 'आयपी_फ्रीबाइंड' हा पर्याय आहे.

आयपीव्ही६ मध्ये पत्ता लागल्यावरही दुसरं कुणी तोच वापरत नाही ना हे यंत्र तपासतं. त्या साधारण एका सेकंदात पत्ता 'टेंटेटिव्ह' असतो आणि बाइंड ९९ देतो. हाच ९९ बाइंडऐवजी कनेक्टकडून आला तर अर्थ वेगळा: त्या ठिकाणी जोडण्यासाठी आपोआप वाटायचे पोर्ट संपले.

९८: सगळ्यात जास्त गैरसमज इथंच

'पत्ता आधीच वापरात आहे' म्हटल्यावर पहिला प्रश्न, कोण वापरतंय?

सुडो एसएस -टीएलएनपी 'स्पोर्ट = :८०८०'

सुडोशिवाय दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही. उत्तरात आपल्याच सर्व्हिसची जुनी प्रत असेल तर ती का मेली नाही ते शोधा. भलतंच नाव दिसलं, म्हणजे सर्व्हिसनं कधीतरी चालवलेली बॅकअपची शेल स्क्रिप्ट, तर लिसन करणारं सॉकेट वारशानं त्या मुलाकडं, म्हणजे चाइल्ड प्रोसेसकडं, गेलेलं आहे. मूळ सर्व्हिस मेली तरी ती स्क्रिप्ट पोर्ट धरून बसते. सॉकेट तयार करतानाच 'सॉक_क्लोएक्झेक' लावणं हा त्यावरचा इलाज. सुडो असूनही प्रोसेसचा रकाना रिकामा असेल तर सॉकेट कर्नलचं स्वतःचं असू शकतं, जसा एनएफएस सर्व्हरचा २०४९.

लिसन करणारं कुणीच नसेल तर 'एसएस -टीएएन' चालवून टाइम-वेट (बंद झालेल्या कनेक्शनची काही काळ उरणारी नोंद) बघा. कनेक्शन जो आधी बंद करतो त्याच्याकडं टाइम-वेट उरतो आणि लिनक्समध्ये तो ६० सेकंद टिकतो. हा आकडा कर्नलमध्ये पक्का आहे. 'टीसीपी_फिन_टाइमआउट' कमी केल्यानं टाइम-वेट घटतो हा सल्ला सगळीकडं सापडतो आणि तो चूक आहे, ते सेटिंग फिन-वेट-२ या अवस्थेसाठी आहे.

खरा उपाय 'एसओ_रियूजअ‍ॅड्र', आणि तो बाइंडच्या आधीच लावायचा. नंतर लावलेला त्या बाइंडच्या काही कामाचा नाही. गोची पुढं आहे. लिनक्स हा झेंडा (टाइम-वेट असतानाही पोर्ट घेऊ देणारा सॉकेटचा पर्याय) दोन्ही बाजूंना तपासतो: नव्या सॉकेटवर असून भागत नाही, मागं राहिलेल्या जुन्या सॉकेटवरही तो असावा लागतो. म्हणजे आज कोडमध्ये ओळ घालून रीस्टार्ट केलं तर पहिल्या वेळी पुन्हा ९८ येऊ शकतो, कारण जुनी कनेक्शनं झेंड्याविना उघडलेली होती. एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा, तिथून पुढं अडणार नाही. गो आणि नोड हा झेंडा आपण होऊन लावतात. पायथनच्या सॉकेटसर्व्हरमध्ये 'अलाउ_रियूज_अ‍ॅड्रेस' मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं.

दोन सॉकेट याच झेंड्यानं एका पोर्टवर बाइंड होऊ शकतात, जोवर कुणी लिसन करत नाही तोवर. मग पहिल्याचं लिसन यशस्वी होतं आणि दुसऱ्याला लिसनमध्ये ९८ मिळतो. म्हणून एसट्रेसच्या यादीत लिसन ठेवलं आहे.

'एसओ_रियूजपोर्ट' हा वेगळा पर्याय, लिनक्स ३.९ पासूनचा. एकाच युजरच्या अनेक प्रोसेस एकाच पोर्टवर लिसन करू शकतात आणि कर्नल येणारी कनेक्शनं त्यांच्यात वाटतो. मोठ्या वेब सर्व्हरला ते वरदान आहे. पण ९८ घालवायला म्हणून काटा सर्व्हिसमध्ये घातलं तर जुनी प्रत जिवंत असताना नवीही सुरू होते, काही वजनं जुन्या प्रोसेसकडं जातात, काही नव्या. पावत्यांचे क्रमांक जुळत नाहीत आणि त्रुटी कुठंच नोंदली जात नाही. उघड अडणारी सर्व्हिस यापेक्षा कितीतरी बरी.

'चार दिवसांनी पुन्हा' अशा अधूनमधून येणाऱ्या ९८ मागं बरेचदा पोर्टची निवड असते. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला ३२७६८ ते ६०९९९ मधला पोर्ट आपोआप देतो. आपली सर्व्हिस ४०००० वर असेल आणि ती बंद असताना त्याच यंत्रावरच्या एखाद्या प्रोग्रामनं नेमका तो पोर्ट घेतला, तर सर्व्हिस उठत नाही. रीस्टार्टनं ते कनेक्शन तुटतं, म्हणून सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. ३२७६८ च्या खालचा पोर्ट निवडा, किंवा 'नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्ड_पोर्ट्स=४००००' लिहून ठेवा. राखलेला पोर्ट आपोआप वाटला जात नाही, स्वतः मागणाऱ्याला मात्र मिळतो.

आणखी एक जागा. आयपीव्ही६ चं '::' हे मुळात दोन्ही कुटुंबांचा पोर्ट घेतं. आधी '::' आणि मग ०.०.०.० अशी दोन सॉकेट उघडणारी सर्व्हिस दुसऱ्यावर ९८ खाते. आयपीव्ही६ च्या सॉकेटवर 'आयपीव्ही६_व्ही६ओन्ली' लावलं की दोन्ही सुखानं नांदतात.

दोष कर्नलचाच असेल तर

इथवर क्वचितच यावं लागतं, पण यावं लागतं. २०२२ च्या शेवटी आलेल्या लिनक्स ६.१ मध्ये बाइंडच्या नोंदवहीची रचना बदलली. आधी सगळी सॉकेट फक्त पोर्टनुसार एका हॅश टेबलात (कप्प्यांत विभागलेली, झटपट शोधायची यादी) असत. एकाच पोर्टवर हजारो पत्ते असले की टक्कर तपासायला वेळ लागे, म्हणून पोर्ट आणि पत्ता दोन्हींवर चालणारं 'बीहॅश२' हे दुसरं टेबल जोडलं गेलं. त्यानंतर दोन गळती उघड झाल्या. टाइम-वेटमधली सॉकेट नव्या टेबलात नव्हती, त्यामुळं फसायला हवं ते बाइंड यशस्वी होई. आणि '::' वर बाइंड झालेलं असताना त्याच पोर्टवर १२७.०.०.१ चं बाइंडही चालून जाई. दोन्ही २०२३ मध्ये दुरुस्त झाल्या. दोन्हींत चूक एकाच जातीची होती: खोटा नकार नाही, खोटा होकार. म्हणून 'त्रुटी येते' एवढंच बघू नका. यायला हवी तिथं ती येते का, हेही तपासा.

पहिलं काम म्हणजे दोष दाखवणारा सगळ्यात लहान सी प्रोग्राम. दोन सॉकेट, दोन बाइंड, दुसऱ्याचा क्रमांक छापायचा, बास. तो 'अनशेअर -आरएन' नं उघडलेल्या वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच यंत्रावरचं अलग, रिकामं नेटवर्क) चालवा, म्हणजे यंत्रावरच्या इतर सर्व्हिसची सावली पडणार नाही. नव्या नेमस्पेसमध्ये लो इंटरफेस (यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा मार्ग) बंद असतो. 'आयपी लिंक सेट लो अप' केलं नाही तर १२७.०.०.१ वरच ९९ येईल आणि तुम्ही भलत्याच मागं लागाल.

मग नकार किंवा होकार कुठून येतो ते बघा. 'ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड -पी फंक्शन_ग्राफ -जी __सिस_बाइंड' चालवलं की आत कोणकोणती फंक्शनं गेली त्याचा आराखडा मिळतो. टीसीपीसाठी '__आयनेट_बाइंड' हे 'नेट/आयपीव्ही४/एएफ_आयनेट.सी' मध्ये आणि पोर्टचा निकाल देणारं 'आयनेट_सीएसके_गेट_पोर्ट' हे त्याच फोल्डरच्या 'आयनेट_कनेक्शन_सॉक.सी' मध्ये आहे. छोटी फंक्शनं कंपायलर मोठ्यात विरघळवतो, ती ट्रेसमध्ये दिसली नाहीत म्हणून चाललीच नाहीत असं समजू नका.

आधीच्या आवृत्तीत बरोबर चालत असेल तर गिट बायसेक्ट, म्हणजे कमिटची (नोंदलेल्या बदलांची) यादी निम्मी-निम्मी करत दोष शोधणं. चौदा हजार कमिट असले तरी चौदाच्या आसपास पायऱ्यांत दोषी कमिट सापडतो. 'नेट/आयपीव्ही४', 'नेट/आयपीव्ही६' आणि 'इन्क्लूड/नेट' एवढ्यापुरता शोध आवळला तर त्याहूनही लवकर. प्रत्येक पायरीला खरं यंत्र बूट करत बसू नका. 'व्हर्टमी-एनजी' नं कर्नल बांधून व्हर्च्युअल मशीनमध्ये तिथल्या तिथं चालवता येतो. मध्येच लाइट गेली तर बायसेक्ट जिथल्या तिथं राहतो, 'गिट बायसेक्ट लॉग' बघून पुढं चालू करा.

दुरुस्ती लिहिताना होकाराच्या वाटेपेक्षा नकाराच्या वाटेची काळजी जास्त घ्या. बाइंड फसलं तर सॉकेटमध्ये आधीच लिहिलेला पत्ता पुन्हा शून्य व्हायला हवा, नव्यानं बनवलेल्या बकेट (टेबलातले कप्पे) दोन्ही टेबलांतून मोडायला हव्यात आणि दोन्ही लॉक सुटायला हवेत. लॉक घेण्याचा क्रमही ठरलेला: आधी पोर्टच्या टेबलाचा, मग पोर्ट-पत्त्याच्या टेबलाचा. उलटा घेतला तर चाचणीत काही दिसणार नाही आणि गर्दीच्या यंत्रावर कर्नल लटकेल. म्हणून लॉकच्या चुका पकडणारं 'प्रूव्ह_लॉकिंग' आणि मेमरीच्या चुका पकडणारं 'कासान' चालू ठेवूनच बांधा. तुलना दुरुस्त करताना चारही जोड्या तपासा: दोन नेमके पत्ते, नेमका आणि ०.०.०.०, नेमका आयपीव्ही४ आणि '::', दोन्ही कुटुंबांचे मोकळे पत्ते. प्रत्येक जोडी उलट क्रमानंही चालवा, कारण 'आधी कोण' यावर कोडमधली वाट बदलते.

कर्नलच्या 'टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स/नेट' मध्ये 'बाइंड_वाइल्डकार्ड', 'बाइंड_टाइमवेट' आणि 'रियूजअ‍ॅड्र_कॉन्फ्लिक्ट' या चाचण्या आधीपासून आहेत. त्या चालवा आणि आपली जोडी तिथं नसेल तर ती जोडा. जुन्या कर्नलवर फसणारी आणि नव्यावर पास होणारी चाचणी सोबत असेल तर पॅच (पाठवलेली दुरुस्ती) वाचणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

पॅचच्या विषयात 'पॅच नेट' लिहा, कारण ही दुरुस्ती आहे, नवी सोय असती तर 'नेट-नेक्स्ट' लिहिलं असतं. खाली 'फिक्सेस' ओळीत दोषी कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक, मग आपली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ. 'चेकपॅच.पीएल' नं मांडणी तपासा, 'गेट_मेंटेनर.पीएल' सांगेल त्या सगळ्यांना 'गिट सेंड-ईमेल' नं साध्या मजकुरात पाठवा. एचटीएमएल मेल स्वीकारली जात नाही. सुधारणा सुचवली गेली तरी दुसरी आवृत्ती २४ तासांच्या आत पाठवायची नाही, असा नेटवर्किंग शाखेचा नियम आहे. तेवढ्या वेळात चाचण्या पुन्हा एकदा, यावेळी ३२-बिट कर्नलवरही चालवून घ्या.